नारळावरचा पिंगळा आणि सागावरचा

मैसूरला आमच्या घरात एक रीत होती. बाहेर निघताना हालक्की, म्हणजे पिंगळा, ते छोटं घुबड, ओरडलं की थांबायचं. चप्पल काढायची, पाणी प्यायचं, मग निघायचं. परसातल्या नारळावर पिंगळ्यांचं जोडपंच राहायचं, त्यामुळे मला कॉलेजला बऱ्याचदा उशीर व्हायचा.

कॉलेजात गेलेली मी घरातली पहिलीच. मी कॉम्प्युटर शिकून गावाबाहेर हेब्बाळला असलेल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागावं, असं अप्पांना वाटायचं. आईनं हट्ट धरला म्हणून प्राणिशास्त्र घेता आलं. "एक वर्ष बघू," एवढंच अप्पा म्हणाले होते.

ते वर्ष संपत आलं तेव्हा मी जंगलाजवळच्या सरगूरला मावशीकडे गेले होते. भर दुपारी शेताच्या कडेच्या सागावर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. नारळावरच्यापेक्षा वेगळं. रानपिंगळा ही दुर्मिळ जात दिवसाही हिंडते, पण इतक्या दक्षिणेला ती दिसत नाही, असं मी नुकतंच वाचलं होतं. मी घाईघाईनं चित्र काढलं आणि आईला फोन केला.

मी परतेपर्यंत आईनं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. अप्पांनाही ऐकवलं होतं, "बघा! आता कंपनी-कंपनी करू नका."

सोमवारी कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांना सगळं सांगितलं, नारळावरच्या पिंगळ्यांचंही. त्यांनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"डोक्यावर हे पट्टे खरंच होते?"

"होते, सर. बारीक, आडवे. पाठीवरही."

"रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. तुमच्या नारळावरच्याच्या डोक्यावर ठिपके. मग हा कोण?"

मला कळलं. तो जंगली पिंगळा होता. आमच्याकडच्या रानात नेहमी दिसणारा, आणि तोही दिवसा ओरडणारा.

"रानपिंगळ्याला शास्त्रज्ञांनी आधी वेगळ्या प्रजातीत, म्हणजे जीनसमध्ये, ठेवलं होतं," सर म्हणाले, "मग नारळावरच्याच्या प्रजातीत आणलं. त्यांनाही बदलावं लागतं. तुला रानपिंगळा हवा होता, तरी तू पट्टे गाळले नाहीस. पुढच्या वर्षी पक्षी मोजायला जंगलात येशील?"

"येईन, सर," मी म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा आई कपाळाला हात लावून बसली. "अय्यो! आता गल्लीत काय सांगू?"

अप्पांनी विचारलं, "चूक कळली कशी?"

मी तीन डोकी काढून दाखवली. कोरं, ठिपक्यांचं, पट्ट्यांचं. अप्पांनी कागद हातात घेतला, आईकडे सरकवला आणि म्हणाले, "आणखी एक वर्ष बघू."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला निघाले आणि परसात हालक्की ओरडली. सवयीनं मी चप्पल काढली. आई पाणी घेऊन आली नाही. ती मागच्या दारात उभी राहून मान वर करून नारळाकडे बघत होती.

"ठिपकेच आहेत गं," ती म्हणाली. "जा तू, उशीर होईल."

आई-अप्पांनी दिलेलं ते आणखी एक वर्ष मला आजवर पुरलं आहे.