मामाने मेन स्विच पाडला

माझ्या थोरल्या मामाइतका रागीट माणूस भिवंडीत दुसरा झाला नसेल, आणि झाला असता तर मामाला त्याचाही राग आला असता. मामा भिवंडीजवळच्या वळ गावचा. भिवंडीत एका कापडाच्या कारखान्यात तो जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम, यंत्रमाग, दुरुस्त करायचा. वर्षानुवर्षांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे त्याने नुसतं 'चहा घे' म्हटलं तरी भांडण सुरू झाल्यासारखं वाटे. साखरपुड्यात भटजींनी त्याचं नाव चुकवलं, तर हा पाटावरून उठून मामीच्या गावाहून, राहनाळहून, चालत वळच्या घरी आला. मामीचे वडील सायकलवरून मागोमाग. एकदा थेटराबाहेर पोस्टर रंगवणाऱ्याला त्याने अर्धा तास अडवून धरलं, कारण पोस्टरवरच्या माकडाला सहा बोटं होती. "माकड झालं म्हणून काय झालं? पाचच असतात. मोज."

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. त्या पोस्टरवरचा इंग्रजी पिक्चर आम्ही रविवारी सकाळच्या शोला पाहिला. शास्त्रज्ञ माकडांना सुया टोचतात, माकडांना माणसाची अक्कल येते, मग ती हातांच्या खुणांनी एकमेकांशी बोलून बंड करतात. खुणा सुरू झाल्या तसा मामा खुर्चीच्या कडेला सरकला. मीही मामाच्याच कारखान्यात लूम चालवायचो; तिथे लूम चालू असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. धागा तुटला, तेल आण, जेवायला चल, सगळं हातांनीच सांगायचं. शेवटी माकडांचा म्होरक्या शास्त्रज्ञाच्या खुर्चीत बसला आणि लहान माकडांना गाडे ओढायला लावू लागला. मामा उभा राहून भर थेटरात म्हणाला, "आरं, हा तर शेठ झाला." घरी येईपर्यंत तो त्या माकडाला शिव्या देत होता.

आमच्या सुपरवायझरनेही तोच पिक्चर पाहिला होता. सोमवारी मामा लांबच्या कारागिराला हाताने काही सांगत होता, तर हा त्याच्यासमोर उभा राहून बगल खाजवत उड्या मारू लागला. काहीजण हसले. मी माझ्या लूमवर होतो. मीही हसलो.

मामा शांतपणे चालत गेला आणि त्याने मेन स्विच पाडला. सगळे लूम एकदम थांबले. "त्या माकडांना सुई टोचल्यावर अक्कल आली," मामा सुपरवायझरला म्हणाला. "तुला काय टोचू? हे हात हालले न्हाय, तर एक वार कापड निघनार न्हाय इथं."

"चालू करा, नाहीतर घरी जा."

"पयले माफी माग."

आझमगढचा एक म्हातारा कारागीर स्विचपुढे येऊन उभा राहिला. "चाचा सही बोल रहे हैं," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यात शेठ आला. सुपरवायझर त्याला म्हणाला, "सगळेच हसले. यांचा भाचासुद्धा." मामाने माझ्याकडे पाहिलं. शेठने त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेही त्याने धड ऐकलं नसावं. तो माझ्याकडेच पाहत होता.

आठवडाभरात निम्मे लूम बंद पडले आणि शेठ स्वतः वळला मामाच्या घरी गेला. मामाची अट एकच: माफी चालू कारखान्यात, खुणेने, सगळ्यांना दिसेल अशी. सुपरवायझरने ती मागितली. खूण चुकली म्हणून मामाने त्याला तीनदा करायला लावली.

माझ्याशी मात्र तो चार महिने बोलला नाही. मग एका दुपारी माझ्या डब्याच्या झाकणात त्याने अर्धी भाकरी टाकली. "राग हाय अजून," तो म्हणाला. "पन जेव."

मी जेवलो. माफी मागायची राहिली. पुन्हा विषय काढला तर तो सगळ्यांसमोर ओरडेल, अशी मला भीती वाटायची. आता मामा नाही, आणि वाटतं, ओरडू द्यायला हवं होतं त्याला.