रविवारचं दही

भाची अकरावीला आमच्याकडे लातूरला राहायला आली, ती तिच्या आईची एक अट घेऊन. पेपरला निघताना पोरीच्या हातावर दही-साखर ठेवायची. माझी ही बहीण हदगावकडच्या शेतकऱ्याच्या घरात दिलेली. तिच्या हिशेबात पेपर म्हणजे सहामाही आणि वार्षिक. इथे क्लासवाले दर रविवारी टेस्ट घेतात हे कळल्यावरही बाईने अट सोडली नाही. सकाळीच फोन यायचा, "दही दिलंस का?"

दिवाळीनंतर दर रविवारी पोरीचं पोट दुखायला लागलं. पेपर अर्धा सोडून घरी यायची. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. "टेन्शन घेऊ नकोस," म्हणाले, जणू ती ते बाजारातून आणत होती.

मला नसत्या चौकशांची खोडच आहे. माझा संशय दह्यावर गेला. मग बुधवारी मुद्दाम त्याच विरजणाची कढी केली. पोरगी वाटी पुन्हा पुन्हा पुढे करत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही त्याच दह्याची कढी घटाघट पिणार आणि रविवारी मात्र हिचं पोट दुखणार! हे काय गौडबंगाल, म्हणून शेवटी तिलाच विचारलं.

"मावशी, हातावर दही आलं की पोटात गोळाच येतो."

"मग नको घेऊस."

"आन् न्हाई खाल्लं म्हणून मार्क गेले तर?"

खावं तरी भीती, न खावं तरी भीती. पोरीची फार कीव आली. बहिणीला फोनवर सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "दह्यानं कुणाचं वाईट झालंय का कधी?"

क्लासला सुट्टी लागली तेव्हा बहीण स्वतःच आली, घरच्या म्हशीच्या दह्याचं गाडगं मांडीवर सांभाळत. दुपारी आम्ही जेवायला बसलो. दह्यावर साखर भुरभुरून ती लाडाने चमचा घेऊन लेकीजवळ गेली. पोरीने घास ताटात ठेवला, हात पुसला आणि उजवा तळवा पुढे केला.

"आज कशाचा पेपर हाय, आई?"

बहिणीचा चमचा तिथेच थांबला.

"कशाचाच न्हाई, माय," ती कशीबशी म्हणाली. "तुला आवडतं म्हणून आणलं."

पोरीने मान डोलावली. हात मात्र तसाच पुढे होता.