संत्र्यांच्या किनाऱ्याचा कौल

बायको गेल्या उन्हाळ्यात गेली. चुलीमागच्या भिंतीवर तिनं लावलेलं एक चित्र मी अजून काढलेलं नाही. काढायला उठतो आणि परत बसतो. त्या चित्रात समुद्र आहे. त्या समुद्राशी माझं जुनं वैर आहे, ते सांगतो. शाळा मी चार इयत्ता केली, तेव्हा लिहिणं जसं असेल तसं गोड मानून घ्या.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीकडं नवे कारखाने उभे राहत होते आणि यंत्रं बसवायला परदेशातून साहेब लोक आले होते. त्यातल्या एकाच्या चिंचवडच्या बंगल्यात माझी बायको स्वयंपाकाला होती. मी देहूरोडच्या डेपोत हमाल. राहायला आम्ही रावेतला, माझ्या बापाच्या घरात. बायको मात्र आमच्याकडची नव्हे. ती रत्नागिरीकडची, खाडीच्या तोंडावरच्या गावची. तिचा बाप डेपोत कामाला आला म्हणून ती घाटावर आली आणि माझ्या गळ्यात पडली. आमची पवना तिला कधी नदी वाटली नाही. व्हाळ म्हणायची तिला. म्हणजे ओढा.

साहेबाचं काम संपत आलं होतं. पुढं नोकरी सोडून समुद्राकाठी घर घ्यायचं, असा त्याचा बेत होता. तेही स्वतःच्या देशात नाही, भलत्याच देशात. आपलं गाव टाकून माणूस परमुलखात म्हातारा व्हायला कशाला जातो, हे मला अजून कळलेलं नाही. त्याच्या गावात म्हणे ऊनच पडत नाही. संध्याकाळी नवराबायको व्हरांड्यात नकाशा पसरायची, रंगीत चित्रं मांडायची आणि कुठला किनारा घ्यायचा याचा घोळ घालत बसायची. मॅडमला मोडकंतोडकं हिंदी यायचं. बायकोचा जन्म समुद्राकाठचा हे समजल्यावर ती हिलाही हाक मारून चित्रं दाखवायला लागली.

मग घरी मला भाकरीबरोबर ते सगळं गिळावं लागायचं. शेवटी दोन किनारे उरले होते. एक फ्रान्सच्या वरच्या अंगाचा, काळ्या खडकांचा, धुक्याचा. दुसरा स्पेनचा. पांढरी वाळू, चुना दिलेली घरं आणि मागं संत्र्यांच्या बागा. साहेबाला खडकांचा हवा होता, तिथं माणसं कमी म्हणून. मॅडमला संत्र्यांचा. आमच्या बाईचंही मत होतं. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या दिसतात तिथंच घर घ्यावं, होड्या आहेत म्हणजे शेजार आहे. आणि विहिरीचं पाणी आधी चाखून बघावं. मॅडमनं ते साहेबाला सांगितलं तेव्हा साहेब म्हणाला, तिथं नळ आहे. आमची बाई दोन दिवस फुगून बसली.

माझा राग वेगळाच होता. इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. माझं घर सारवताना तोंडाला कुलूप, आणि परक्याच्या घराची खिडकी कुठल्या अंगाला हवी हे सांगताना डोळे असे चमकायचे की घास हातातच राहायचा. ते डोळे माझ्यासाठी कधी तसे झाले नाहीत. साहेबाचा मला हेवा वाटायचा, मॅडमचा वाटायचा. पण सगळ्यात जास्त त्या पाण्याचा. माणूस असता तर गाठून दोन लगावल्या असत्या. पाण्याला काय करणार?

एक दिवस ती म्हणाली, मॅडम बरोबर चल म्हणतेय. दोन वर्षं घर लावून द्यायचं आणि परत यायचं. सगळी व्यवस्था साहेब करणार. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिला अडवायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी अडवलं असतं तर ती राहिली असती, पण तोंड फिरवून राहिली असती. म्हणून मी डोकं चालवलं. हिला थंडी सोसत नाही. आमच्या मावळातल्या पौषात ती चुलीत शिरायची तेवढी बाकी असायची. खडकांचा थंड किनारा ठरला की ही आपोआप राहते, असा माझा हिशेब. मी रोज खडकाची बाजू घ्यायला लागलो.

"साहेबाचं खरं हाय," मी म्हणालो. "वाळूचा काय भरवसा? खडक टिकतो. सांग मॅडमला."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही समुद्र बघितलाय कधी?"

"न्हाई."

"मग गप जेवा."

शेवटी मॅडम जिंकली. संत्र्यांचा किनारा ठरला. आता जायचं की राहायचं ते देवीला विचारते, असं बायको म्हणाली. मला नाही विचारलं. देवीला.

आमच्या गावच्या देवीला कौल लावतात. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. मागणारा मनातलं बोलतो आणि कुठली पाकळी आधी गळते ते बघायचं. उजवी गळली तर हो, डावी गळली तर नाही. आणि उजवी म्हणजे मागणाऱ्याच्या उजव्या हाताची. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या असंच. म्हैस घ्यायची होती तेव्हा हिनंच लावलेला कौल आम्ही तसाच धरला होता.

मी आत गेलो नाही, दाराशी उभा राहिलो. तिनं हात जोडून मोठ्यानं विचारलं, जाऊ का गं आई? पुष्कळ वेळ काही हललं नाही. मग आमच्या उजव्या हाताची पाकळी सुटली. "उजवी दिली गं बाई," गुरव म्हणाला. पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. नदीवर जाऊन बसलो. देवी आमच्या गावची, आमच्या घराण्याचं खाल्लेली, आणि तीही त्या समुद्राला फितूर.

अंधार पडता पडता घरी आलो तर ही चुलीपुढं, रोजच्यासारखी.

"कधी निघायचं?" मी विचारलं.

"कुठं?"

"उजवी पडली. म्या डोळ्यांनी बघितली."

"तुमची उजवी," ती म्हणाली. "देवी आपल्याकडं तोंड करून बसलीय. तिची ती डावी. आमच्या गावात देवीचाच हात धरतात. गुरवाला सांगून आले, मी राहते."

"आन् म्हशीच्या वक्ताला?"

तिनं ताटात भाकरी टाकली. "गरम आहे तोवर खा."

पुढं कधी मी तो विषय काढला नाही, तिनंही काढला नाही. माझ्यासाठी राहिली, का परमुलखाची भीती वाटली, का दुसरंच काही, ते तिलाच ठाऊक. साहेब-मॅडम गेली. जाताना मॅडमनं तिला त्या किनाऱ्याचं चित्र दिलं. तेच हे, चुलीमागचं. सगळं काजळीनं काळं झालंय, फक्त वाळूवरची होडी स्वच्छ आहे. तेवढी होडी ती पदरानं पुसायची. मला पाणी देताना ती माझ्याकडं बघायची नाही, पण चुलीपुढून उठताना त्या होडीकडं एकदा बघून उठायची. राहिली ती माझ्याजवळ, पण तेवढं एक बघणं दर दिवशी त्या भिंतीला गेलं. मी मोजत बसायचो नाही. पण दिसायचं.

ती गेल्यावर तिचा भाऊ आला. म्हणाला, "भावोजी, अस्थी आपल्या गावी नेऊ. समुद्रात सोडू. तिला आवडलं असतं."

आवडलं असतं, हे मलाही कळतं.

"न्हाई," मी म्हणालो. "पवनेत."

डेपोतल्या एका शिकलेल्या कारकुनानं मला एकदा सांगितलं होतं, पवनेचं पाणी भीमेला जातं, भीमेचं कृष्णेला, आणि कृष्णा जाते पार पूर्वेच्या समुद्राला. म्हणजे शेवटी ती समुद्रालाच लागणार. पण तो तिच्या गावचा नव्हे, संत्र्यांचाही नव्हे. त्याची तिची ओळख नाही. मला तेवढंच बरं वाटलं.

मेव्हण्याला वाटलं, म्हाताऱ्याला प्रवास झेपत नाही. वाटू दे.