जीपच्या मागची रांग

डोळे मिटून हात लांब केला, तर तुमच्या गरजेची वस्तू तुमच्या हाताला लागते का? चिकलठाण्याच्या एका पत्र्याच्या शेडमधले मिस्त्री प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी हेच करायला लावायचे. "ताई, डोळे मिटा. जॅक पायजे असं समजा, अन् हात टाका." हात जाईल तिथं खडूची खूण. पेटी तिथंच बसायची. मापाची टेप त्यानंतर निघायची.

जुन्या जीपगाड्यांना पेट्या आणि हवा भरायची सोय बसवणं हा त्यांचा धंदा. भंगारातल्या मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर ते जीपच्या इंजिनाला जोडत, बाकाखाली हवेची टाकी ठेवत. इंजिन चालू करून बटण दाबलं की भर रानात चाकात हवा भरता यायची. शहर जालना रोडनं वाढत होतं, नळाला आठवड्यानं पाणी यायचं, आणि प्लॉट विकलेली मंडळी डोंगरात हिंडायला घेतलेल्या जुन्या जीप मिस्त्रींच्या दारात लावायची. यांचे लाड कशाला पुरवता, असं मी एकदा विचारलं. "चाकाला मालक नाय कळत, ताई. चाकाला खड्डा कळतो," म्हणाले आणि पत्रा कापू लागले.

बाबांची जीप मीच त्यांच्याकडे नेली होती. चळवळीतल्या बाबांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास केलेली मुलगी मी. दुष्काळात मीही पाण्याच्या हक्कावर पत्रकं लिहायचे आणि गावोगाव सभा घ्यायचे. मिस्त्रींनी पत्रकांसाठी पेटी केली. धूळ जाऊ नये म्हणून झाकणाच्या कडेला सायकलची ट्यूब कापून लावली. माझ्या प्रत्येक पत्रकात चार चुका काढणारे बाबा त्या झाकणावरून हात फिरवत म्हणाले, "काम असावं तर असं."

त्या दिवसापासून मला या माणसाचा हेवा वाटू लागला. लपवत नाही.

गावांत तर उघड अपमान. मी बाकावर उभी राहून बोलायचे, समोर सात-आठ माणसं. आणि जीपच्या मागं सायकली, मोटारसायकली, टायरच्या बैलगाड्या यांची हवेसाठी रांग. "मिस्त्रीची गाडी आली," म्हणायचे लोक. गाडी बाबांची, शब्द माझे, नाव मिस्त्रीचं.

एका गावाच्या वेशीत पाण्याचा टँकर चाक बसून उभा होता. ड्रायव्हरनं पंक्चर काढलं होतं, फक्त हवा हवी होती. मी म्हणाले, आधी सभा, मग हवा. जीपची किल्ली काढून मुठीत धरली.

त्या दिवशी सगळं गाव सभेला आलं. बायका घागरी मांडीशी घेऊन बसल्या. पाणी हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, हे मी पाऊण तास समजावलं. इतकं छान मी कधीच बोलले नव्हते. शेवटी एक म्हातारी उठली.

"झालं का बाई तुझं? मंग ती किल्ली दे."

पाऊण तास गाव माझ्या तोंडाकडे नव्हे, मुठीकडे बघत होतं.

टँकरवाल्यानं ही गोष्ट मिस्त्रींच्या कानावर घातली. मी भांडायच्या तयारीनंच गेले. त्यांनी जीप दोन दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा बटण आणि नळी दोन्ही बाहेर, मागच्या बाजूला आली होती. "तुमचं बोलणं चालू द्या, ताई. ज्याला पायजे तो घेईल. इंजिन तेवढं बंद करू नका." हा टोमणा होता की सोय, मला आजही ठरवता येत नाही. भांडायला जागा ठेवली नाही, याचाही राग आला.

पुढं रस्ता रुंद झाला, शेड गेली. मिस्त्री लेकीच्या गावी गेले आणि तिथंच वारले, असं शेजारचा चहावाला सांगतो. त्यांच्याबद्दल लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यांचं चांगलं लिहायचं तर त्या गावाचं खरं लिहावं लागणार होतं.

जीप अजून फिरते. सभेत मी इंजिन बंद करत नाही. त्या घरघरीत माझे निम्मे शब्द बुडतात. तुमच्या गावात आले आणि तुमच्या चाकात हवा कमी असली, तर माझं संपायची वाट पाहू नका. मधूनच उठा, मागं जा, आणि नळी ओढून घ्या.