जांभळ्या रंगाच्या दोन नळ्या

फवारणीसाठी मोरचूद पाण्यात विरघळू लागलं, की मला भूमची शाळा आठवते. सन साठच्या आसपासची गोष्ट. विज्ञानाचे सर, मुसलमान माणूस, प्रथिनं शिकवायला वर्गात अंडं घेऊन आले, हे कळताच माझे माळकरी वडील तरातरा मला शाळेतून काढायलाच आले. सरांनी त्यांना बसवलं. एका नळीत अंड्यातलं पांढरं, दुसरीत बेसनाचं पाणी घेतलं, दोन्हींत कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे थेंब सोडले. दोन्ही नळ्या सारख्याच जांभळ्या झाल्या. "दादा, अंड्याची कुठली, सांगा बरं." "न्हाय ब्वा कळत," वडील म्हणाले. सरांनी त्यांच्या गळ्यातल्या तुळशीमाळेकडं पाहिलं. "प्रथिन म्हंजे अशीच माळ, दादा. अमिनो आम्लांचे वीसेक तऱ्हेचे मणी. अंड्यात तेच, डाळीत तेच, ओवण तेवढी अलग. आन् हा रंग मण्यांचा न्हाय, मण्यांमधल्या गाठींचा हाय." पुढं मी रसायनशास्त्रच शिकले, मोठमोठ्या प्रयोगशाळा पाहिल्या. पण डोळ्यांपुढं येतात ते वडील: जन्मात अंड्याला न शिवलेले, दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरून उभे, आणि मला घरी न्यायचं साफ विसरलेले.