बटणांच्या फोनचं पुढं काय

माझ्या वडिलांच्या बोटांचे ठसे झिजून गेले आहेत. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर त्यांचा अंगठा पहिल्या खेपेला कधीच उमटत नाही. जन्मभर मेंढरं राखली, लोकर कातरली, बाभळीच्या शेंगा झोडल्या, वाघुरीचे दोर ओढले. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. तिच्या दोरांनी बोटांच्या पेरांना अशा भेगा पडल्या आहेत की आई त्यांत मेण भरते.

म्हणूनच मी साताऱ्याहून त्यांच्यासाठी काचेचा फोन नेला तेव्हा तो चालला नाही. आबा दाबत राहिले, चित्र जागचं हललं नाही. थुंकी लावून पाहिलं, धोतराला बोट पुसून पाहिलं. शेवटी फोन माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "ह्ये मला वळकत न्हाई. तूच वापर."

लग्न होऊन मी साताऱ्यात आले होते. नवरा फौजेत, वर्षातले बरेच महिने बाहेर. घरात बसून करण्यासारखं काम शोधताना पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम मिळालं. बाजारात मोबाइलच्या दोनच मोठ्या प्रणाली आहेत. जगातले बहुतेक फोन त्या दोहोंपैकी एकीवर चालतात. त्यांच्या सावलीत एक तिसरी होती. बटणांच्या साध्या फोनवर इंटरनेट, मेसेज, व्हिडिओ चालवणारी. त्या फोनच्या पडद्यावर जे शब्द दिसतात ते मराठीत आणायचं काम आमच्याकडे होतं. "मागे जा", "आवाज वाढवा", "पुन्हा प्रयत्न करा" असले शेकडो तुकडे मी केले. ओळीत मावेल एवढंच लिहायचं असायचं, त्यामुळे एकेका शब्दासाठी दुपार जायची.

कामासाठी असा एक फोन माझ्याकडे आला आणि मला आबा आठवले. सांगलीच्या बाजारातून तसाच एक घेतला आणि कवठे महांकाळला जाऊन त्यांच्या हातात दिला. आबांना वाचता येत नाही. मी घडवलेले शब्द त्यांच्या उपयोगाचे नव्हते. पण बटणं त्यांना बोटाखाली लागली. मधलं बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. की आवाज गेला. चहा उकळेपर्यंत ते शिकले.

आमच्या भागातली माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागं कळप. कराड, सातारा करत आबा खंडाळ्याच्या बाजूपर्यंत जायचे. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, खतासाठी. कुणाच्या रानात कधी बसायचं, पाणी कुठं उरलंय, कुठल्या गावात ऊस तुटून रान मोकळं झालंय, हे सगळं पूर्वी माणसं वाटेवर भेटून ठरवत. मग मेसेजच्या अ‍ॅपवर त्यांचा एक ग्रुप झाला. त्यातल्या निम्म्या माणसांना अक्षर येत नाही, त्यामुळे सगळा कारभार आवाजाचा. डोंगराच्या आड रेंज नसली तरी कळप माळावर चढला की साठलेले आवाज एकदम येऊन पडायचे.

आई गुडघ्यांमुळे घरीच राहू लागली होती. तिच्यासाठी आबा वेगळे आवाज पाठवायचे, ते ती माझ्या जुन्या काचेच्या फोनवर ऐकायची. आबा समोरासमोर मोजकं बोलणारे, पण त्या बटणावर बोट ठेवलं की मोकळे व्हायचे. लांडगा दिसला ते सांगायचे, कुठली मेंढी व्याली ते सांगायचे. एकदा नुसता वाऱ्याचा आवाज पाठवला आणि शेवटी म्हणाले, "आईक गं, लय गार सुटलाय." आई तो मेसेज शेजारणींना ऐकवत बसली होती.

त्या तिसऱ्या प्रणालीचं काही खरं नाही हे मला कामावरून कळू लागलं. आधी नवे शब्द यायचे थांबले. मग दुसऱ्या भाषांची माणसं एकेक करून कमी झाली. पुण्याच्या बाई, ज्या मला काम द्यायच्या, त्या फोनवर जपून बोलायच्या. मी विचारलं, "बंद होतेय का?"

"बंद असं कुणी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "चालू ठेवणार असंही कुणी म्हणत नाही. नवे फोन येतात म्हणे कुठल्या तरी देशात. मला विचारू नकोस, मला आजच्यापुरतं माहीत असतं."

नवरात्रात काम आलं. एकच वाक्य होतं. ज्यांच्या फोनवर मेसेजचं ते अ‍ॅप होतं त्यांना दाखवायची सूचना. नव्या वर्षापासून अ‍ॅप या फोनवर बंद होणार होतं, आणि त्या दिवशी हे वाक्य पडद्यावर यायचं होतं. मी खिडकीपाशी बसले होते, समोर अजिंक्यतारा, त्यावर ढग. "हे अ‍ॅप यापुढे या फोनवर चालणार नाही" असं लिहिलं. मग "यापुढे" काढून "आता" घातलं. "आता" म्हटलं तर उद्या चालेल अशी आशा राहते, म्हणून ते खोडून परत "यापुढे" केलं. हे वाक्य आबांच्या फोनवर उमटणार होतं आणि ते कुठलंसं बटण दाबून त्याला दूर सारणार होते. मी ते पाठवून दिलं. पुण्याच्या बाईंचं उत्तर आलं, "छान, नेमकं झालंय."

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आबांना समोर बसवून सांगितलं. ते घोड्याच्या खोगिराचे टाके बघत होते.

"म्हंजे फोन बंद पडनार?"

"फोन न्हाई आबा. बोलनं हुईल. पन तो आवाज पाठवायचा ग्रुप हाय न्हवं, त्यो जाईल."

"माझ्या एकट्याचा?"

"ज्यांच्याकडं असला फोन हाय त्यांचा सगळ्यांचा."

आबांनी विचार केला. "आता असला माझ्या एकट्याकडंच हाय," ते म्हणाले. मग खोगीर बाजूला ठेवून, "तू तिथंच कामाला हाईस की. सांगून बघ त्यांना."

मी काय सांगणार होते, आणि कुणाला. तो निर्णय जिथं झाला त्या शहराचं नावही मला माहीत नव्हतं. "सांगते," म्हणाले. आबा परत टाक्यांकडे वळले.

नवं वर्ष लागलं तेव्हा ते कराडच्या पुढं होते. त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. "बोलतोय पन कुनी परत बोलंना," म्हणाले. मी म्हटलं, मी सांगितलं होतं तेच झालं. "व्हय," ते म्हणाले. "ध्यानात हाय."

मग मी आबांच्या जोडीदाराला सांगून त्या ग्रुपमध्ये स्वतःला घालून घेतलं. हा जोडीदार म्हणजे लहानपणापासून आबांच्या बरोबरीनं मेंढरं राखलेला माणूस. त्याचा कळप वेगळा, वाट बहुधा एकच. काचेचा फोन त्याच्या बोटांना कसाबसा ऐकायचा. मी रोज ग्रुप ऐकायची आणि आबांना फोन लावून सांगायची. पण लागायचाच असं नव्हतं, आणि लागेपर्यंत बातमी शिळी व्हायची. ग्रुपमध्ये बाईमाणूस आल्याचं कळल्यावर माणसं आखडून बोलू लागली. आबांनाही ते रुचलं नाही. "साताऱ्यात बसून तू मला गवत दावतीस," एकदा म्हणाले. रागानं नव्हे. मी फोन करायचं कमी केलं.

उन्हं तापू लागली तेव्हा ते खंडाळ्याजवळ पोचले. ज्या शेतकऱ्याच्या रानात ते दरवर्षी बसत, तिथं ते कळप घेऊन गेले तर बांधाच्या आत आधीच वाघूर लागलेली. मेंढरं बसलेली. ती जोडीदाराची होती.

मला हे जोडीदारानंच फोन करून कळवलं आणि मी दुपारच्या एसटीनं गेले. रस्त्याच्या कडेला एका उघड्या माळावर आबांचा कळप उभा होता. दोघं लिंबाखाली बसले होते.

"गड्या, मी ग्रुपवर सांगितलं हुतं," जोडीदार म्हणत होता. "मालकानं हिकडं बोलावलंय, कुनाची हरकत हाय का म्हनून इचारलं. कुनी काय बोललं न्हाई. मला वाटलं तू आईकलं असशील."

"मी कसा आईकनार?"

"माझ्या डोस्क्यातनंच गेलं रं. सगळी तिथंच बोलत्यात, वायलं फोन करायचं सुचतच न्हाई." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "लेक हाय की ग्रुपात, वाटलं ती सांगंल."

मी तो आवाज ऐकला होता. त्यात शेताचं नाव नव्हतं, फक्त "नेहमीचं रान" म्हटलं होतं, आणि ते कुणाचं नेहमीचं हे मला कळलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

जोडीदार वाघूर काढायला निघाला होता. आबांनी त्याला हात धरून बसवलं. "बसलेली मेंढरं उठवू नगं," म्हणाले. मग त्यांनी त्याचा फोन मागितला, मांडीवर ठेवला आणि बोट दाबलं. पुन्हा दाबलं. आम्ही दोघं दुसरीकडं पाहत राहिलो. अंधार पडायच्या आत त्यांनी कळप पुढं हाकला. जागा कुठं मिळेल ते ठाऊक नसताना.

पावसाच्या तोंडाला ते परत आले आणि आईला म्हणाले की ही शेवटची खेप. कळप चुलतभावाच्या कळपात मिसळला. नुसत्या फोनमुळं झालं असं मी म्हणत नाही. वय झालं होतं, रानं कमी झाली होती. पण अजून दोन-चार वर्षं ते चालले असते, हे आईही म्हणते.

पुण्याचं काम त्याच सुमारास आटलं. बाईंनी निरोपाचाही फोन केला नाही, कदाचित त्यांनाच कुणी केला नसेल. मी आता पाचगणीच्या एका निवासी शाळेत ऑफिसात बसते. ती प्रणाली मेली असं आजही कुणी सांगितलेलं नाही. सांगलीच्या बाजारात तसले फोन दिसतात. दुकानदाराला पुढचं विचारलं तर म्हणतो, "कंपनीलाच माहीत न्हाई ताई, मी काय सांगू?"

गेल्या दिवाळीच्या आधी, निघायच्या तयारीत, जोडीदार आबांना भेटायला आला. मीही होते. दोघं ओट्यावर बसले, पण बोलणं लांबेना. तो सारखा फोनमध्ये बघत होता. ग्रुपवर वाटा ठरत होत्या. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं फोन दोघांच्या मधे ठेवला आणि एकेक आवाज लावू लागला. कुणी पाण्याचं सांगत होतं, कुणी नव्या रस्त्याच्या कामाचं, कुणी खोकत खोकत नुसतंच हसत होतं. आबा मान खाली घालून ऐकत होते. आवाज ओळखला की त्या माणसाचं गाव पुटपुटायचे.

"बोल की तू बी," जोडीदार म्हणाला. त्यानं स्वतःच बटणाच्या चित्रावर बोट धरून फोन आबांच्या तोंडापाशी नेला.

आबांनी फोनकडं पाहिलं. मग हातानंच नको म्हणाले आणि आत जाऊन आईला चहा ठेवायला सांगितलं.