आप्पांच्या पंपाची गांधीलमाशी

चार वर्षं झाली, तरी आम्ही मैत्रिणी भेटलो की बोलणं फिरून त्या किड्यांवरच येतं. बारामतीच्या आमच्या आर्ट कॉलेजात शेवटच्या वर्षी भंगारातून मोठाले किडे करून बागेत उभे करायचे होते. एकेका किड्यामागे इतके किस्से, की सगळे सांगत बसले तर चहा गार होईल!

शिंदे सरांचा नियम असा: शिल्प महिनाभर उघड्यावर ठेवायचं, मग सर स्वतः गदागदा हलवून बघणार. पडलं तर नापास! कुणी कुठला किडा करायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढणारी मी. मला आली गांधीलमाशी!

*

भंगार शोधायला शेळगावला घरी गेले. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुना फवारणीचा पंप काढून दिला.

"जन्मभर ह्यानं किडं मारलं. आता त्यालाच किडा कर!"

पंपाचं पोट, ठिबकच्या नळ्यांचे पाय, बाटल्यांचे पंख. झाली माशी!

*

सोमेश्वरनगरच्या सुनीतानं ट्रॅक्टरच्या बेअरिंगांचा मुंगळा केला. दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्यानं तो उचलून गाड्यावर ठेवला! सुनीता रडतच धावली, "अहो, ते शिल्प आहे!"

भंगारवाल्यानं आमच्या माळीतात्यांना विचारलं, "व्हय का तात्या?"

"मला तर भंगारच दिसतंय. पर पोरगी रडायला लागलीय, उतरव!"

*

एका सकाळी वाऱ्यानं पंख हलला आणि मी माझ्याच माशीला घाबरून किंचाळले. तात्या पाण्याचा पाइप टाकून पळत आले.

"काय चावलं?"

"काही नाही... पंख हलला."

"आगं पोरी, तूच लावलाय न्हवं त्यो?"

तेव्हापासून मी बागेत शिरले, की तात्या सगळ्या किड्यांना दम द्यायचे, "ती आली रं! समद्यांनी गप उभं ऱ्हावा!"

*

महिना भरला. सरांनी माझ्या माशीला हात लावला मात्र, पंपाच्या तोंडातून खऱ्या गांधीलमाश्या बाहेर! सर थेट व्हरांड्यात पळाले. तिथूनच ओरडले, "आधी ते पोळं काढ, मग मार्क!"

मी रडत आप्पांना फोन केला, "औषध मारायला या!" नवा पंप पाठीवर बांधून ते मोटरसायकलवर आले. माशीसमोर वाकून आत-बाहेर करणाऱ्या गांधीलमाश्या बघितल्या.

"सर, हलवून कशाला बघायचं? ह्यांनी बघूनच घर केलंय की!"

सर हसले. लांबूनच पास केलं!

आप्पा निघाले तेव्हा नवा पंप मीच उचलला. औषधाचा वास कसा येत नाही, म्हणून झाकण उघडलं.

काठोकाठ भरलेला होता. नुसत्या पाण्यानं.